पंपघरातली तोफ

"ते मांजर बंद करा आधी!" तोफ बांधावरूनच ओरडली. आवाजावरून गावानंच तिला हे नाव पाडलं होतं.

"मांजर नाही, वाघ आहे तो," बागाईतदार म्हणाला आणि पंपघराच्या सावलीत आणखी ऐसपैस बसला.

वाघ म्हणजे पंपघराच्या भिंतीवरच्या पडद्यावरचं चित्र. सगळ्या शेतांना पाणी एकाच विहिरीचं, तेही पाळीपाळीनं. पूर्वी त्या पाळीवरून डोकी फुटायची, म्हणून पंचांनी हे यंत्र बसवलं. आपली पाळी आली की आपलं चित्र दाबायचं, पाणी आपल्या रानाकडं सुटतं. पाळी संपली की पुन्हा दाबायचं, पाणी पुढच्याकडं जातं. वेळ संपल्यावर यंत्रानं आपणहूनच पाणी तोडावं असं ठरत होतं, पण तिथं बागाईतदार आडवा पडला. "माणसाच्या हातात काही ठेवाल की नाही?" म्हणाला. पंच त्याच्याच ओसरीवर बसून त्याचाच चहा पीत होते. ते काय बोलणार? मान हलवून मोकळे झाले.

यंत्राचा पडदा केला होता तोफेच्या सुनेनं. तिचं कामच ते. माणसानं बटण कुठं दाबावं, दाबल्यावर काय दिसावं, काय ऐकू यावं, हे ती घरी कॉम्प्युटरवर बसून ठरवायची. "बोट कुठं टेकवायचं हे सांगायला पगार देतात?" तोफेला अजून खरं वाटत नव्हतं. पण पोरगी मेहनती. रानोरान हिंडून तिनं प्रत्येकाला विचारलं, तुमचं चित्र काय ठेवू? तोफेनं मिरची घेतली, शेवटच्या तुकड्यावरच्या शिंपिणीनं कात्री. बागाईतदारानं वाघ मागितला. तो मांजरासारखा उमटला, त्याला सुनेचा इलाज नव्हता. निदान ती तसं सांगायची.

चित्रं सगळ्यांना कळली. घोडं अडलं आवाजाशी. पाळी संपली की पंपघरावरच्या कर्ण्यातून एक मधाळ बाई बोलायची, "आपली वेळ पूर्ण झाली आहे. कृपया सहकार्य करा. धन्यवाद." बागाईतदार तिला हात जोडून "आभार, आभार" म्हणायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. त्याच्या केळीत घोट्यापर्यंत पाणी, आणि खाली शिंपिणीचा कोबी उन्हानं कान पाडून बसलेला. दिवसभर लोकांच्या उसवलेल्या शिवणी घालून, उरल्या जिवावर तिनं तो लावला होता.

आजही तेच झालं. तोफेनं बांधावर घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. घरी आली ती पाय आपटतच.

"तुझ्या त्या बाईला नोकरीवरून काढ!"

सून आधीच कोमेजून बसली होती. "आई, मला तरी कुठं आवडतंय? कुणी ऐकतच नाही तिचं."

"ऐकेल कसं? ती पाणी सोड म्हणतेय, का पाहुण्याला आणखी वाढू का विचारतेय?"

"मग कसं म्हणायला हवं?"

तोफेनं म्हणून दाखवलं. सुनेनं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि फोन शोधायला धावली.

"थांबा थांबा, पुन्हा म्हणा. पण आधी जरा कमी, हं. ऐकलं नाही तर मग वाढवू."

कमी म्हणजे काय, हे तोफेला समजावता समजावता सुनेला घाम फुटला. मधेच सासरा गोठ्यातून पळत आला. "आता काय केलं मी?"

"तुम्हाला नाही हो. जा!" तोफ म्हणाली. तेही फोनमध्ये उतरलं, मग पुसावं लागलं.

बागाईतदाराची पुढची पाळी संपली आणि कर्णा खाकरला.

"ए, झालं तुझं. ऊठ!"

बागाईतदार दचकून उठला. आजूबाजूला तोफ कुठं दिसेना. तो पुन्हा टेकतोय तोवर, "कानात बोळे घातलेत का?" आणि त्यावर लगेच, "मेल्या, दुसऱ्याच्या घशातलं पाणी ओढतोस, पचेल का तुला?"

रानारानातली खुरपी थांबली. कुणीतरी फिस्सकन हसलं. बागाईतदारानं पडद्यावर थापा मारल्या, कर्ण्यावर कांबळं टाकलं. कांबळ्याखालून आवाज आणखीच जाडा येऊ लागला. शेवटी त्यानं वाघाच्या तोंडावर बोट दाबलं. खाली शिंपीण सरीत नुसती उभी राहिली. पाणी पायांवरून जात होतं आणि ती बघत होती.

चार पाळ्यांत कोबीनं मान उचलली. गावात तोफेचा भाव वधारला.

मग उन्हं आणखी तापली. तोफेची मिरची सुकायला आली. तिची पाळी संपली तेव्हा दोन वाफे कोरडेच होते. एवढे भिजवू आणि सोडू, असं म्हणून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए, झालं तुझं. ऊठ!"

"उभीच आहे मी! दोनच वाफे राहिलेत."

"कानात बोळे घातलेत का?"

"अगं, तुला कळतं का काही? मिरची जळतेय माझी!"

"मेल्या, दुसऱ्याच्या घशातलं..."

"मेल्या कुणाला म्हणतेस? बाई आहे मी!"

बांधावर माणसं गोळा झाली. पुढं बागाईतदार. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण," तो गोड हसून म्हणाला. तोफेनं त्याच्याकडं बघितलं, खाली कोबीकडं बघितलं, आणि मिरचीवर असं बोट रोवलं की पडदा हलला. दोन वाफे कोरडेच राहिले.

घरी येऊन ती चुलीपाशी बसली. "माझा आवाज काढून टाक त्यातून."

"काढते. मग त्या गोड बाईला परत बोलावू?"

तोफेनं चुलीत लाकूड सरकवलं. विस्तव सारखा करत राहिली. मग म्हणाली, "नको. राहू दे. पाणी तरी जातंय खाली." आणि मग, हळूच, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा की."

"मी खरंच तशी बोलते का गं?"

सून भाकरी थापता थापता थांबली.

"छे हो, आई. यंत्रात मी आवाज बराच खाली आणलाय."