बंद केलेली गोळी

शिंप्याचा घोळणा फुटला, की तो आधी कापड वाचवायचा आणि मग स्वतःला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, तोंडाने श्वास घ्या. पण पुढे वाकायचं तर समोर गिऱ्हाइकाचं पांढरं कापड! मग हा शहाणा मान मागे टाकायचा, रक्त गिळायचा आणि वर बायकोला म्हणायचा, "घरचंच आहे, वाया कशाला घालवू?"

हसण्यावारी तरी किती न्यायचं? त्याच्या हृदयात धातूची झडप बसवलेली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "नाकातली शीर जाळून टाकू, मलम देऊ, रक्त तपासून गोळीही कमी-जास्त करू. पण परस्पर बंद करू नका." जाळायचं म्हटल्यावर गड्याने काढता पाय घेतला. शिवणाची गर्दी ओसरली की जाऊ, म्हणाला. चांगल्या शिंप्याची गर्दी कधी ओसरते का?

एकदा एका नव्याकोऱ्या कोटावर थेंब पडलाच. गिऱ्हाईक चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि ते बायकोच्या जिव्हारी लागलं. काज-बटणं करणारी बाई ती. उसवतं तिथे टाका घालायचा, एवढंच तिला ठाऊक. रक्त वाहतंय आणि गोळी ते आणखी पातळ करतेय, मग गोळीच नको. संध्याकाळच्या गोळ्यांतून तेवढी एक ती गुपचूप काढून टाकू लागली. उरलेल्या तो तिच्या हातून न बघता घ्यायचा.

घोळणा फुटायचा थांबला. तो पुन्हा शीळ घालत पांढरी कापडं बेतू लागला, शेजाऱ्यांना थांबवून थांबवून सांगू लागला. ती मनातल्या मनात फुशारून जायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांइतकी सुखी ती कधीच नव्हती.

मग एका सकाळी बेतता बेतता त्याच्या हातून कात्री गळाली. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी चालू होती ना?" तिने सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. "झडपेवर गुठळी धरली, ती मेंदूत गेली," म्हणाल्या. "नाकावर इलाज होता हो." रागावल्या असत्या, तर तिला रडता तरी आलं असतं.

त्याचे सगळे शब्द गेले. एक 'बरं' तेवढं उरलं. पाणी हवंय? बरं. दुखतंय का? बरं.

दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याचं तोंड पुसता पुसता तिचा बांध फुटला. "अहो, मीच बंद केली तुमची गोळी. तुम्हाला कुणी बोलू नये म्हणून केलं. तुमचा हात गेला तो माझ्यामुळे. शिव्या द्या मला, तोंड बघू नका माझं, पण काहीतरी बोला हो!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग अर्ध्या तोंडाने हसला.

"बरं," म्हणाला.