उकिरड्यावरची पणती

मी डोंगर बोलतोय. अजिंठ्याच्या रांगेचा धाकटा भाऊ. मोताळ्याकडून येणाऱ्या माणसाला आधी मी दिसतो, मग गावाचं देऊळ. थांबा, नाक दाबू नका, कबूल करतो. डोंगरबिंगर काही नाही, मी उकिरडा आहे. आणि दिसतो नंतर, आधी वास येतो.

शिक्षण चौथीपर्यंत. म्हणजे चौथीचं पुस्तक माझ्याकडे आलं तेवढं. भागाकाराच्या पुढची पानं भजेवाल्यानं आधीच पुड्या बांधायला नेली होती. म्हणून मला वाटणी करता येत नाही. जे येईल ते सगळं पोटात ठेवतो.

गावातल्या कडूबा शेतकऱ्याच्या आईनं गायरानाच्या कडेला शेणाची पहिली पाटी टाकली, तो माझा जन्म. तेव्हा मी गुडघाभर होतो आणि चांगल्या घरचा होतो. शेण, राख, पालापाचोळा, एवढंच खाणं. उन्हाळ्यात बैलगाडीत बसून शेतात जायचो आणि तिथं कपाशी होऊन वर यायचो. दिवाळीत म्हातारी माझ्या डोक्यावर पणती ठेवून हात जोडायची. उकिरडा भरलेला म्हणजे गोठा भरलेला, असा तिचा हिशोब. कडूबाशी लग्न होऊन आशाबाई आली आणि सासूमागं तो नेम तिनं चालवला.

मग गावाला माझा लळा लागला. आधी लोक चोरून टाकायचे, मग ट्रॅक्टरच यायला लागला. प्लास्टिकची पन्नी, डायपर, गुटख्याच्या पुड्या, पंगतीतल्या पत्रावळी भातासकट. माणसं मोठी मजेशीर. स्वतःचं घर झाडून माझ्यापाशी येतात आणि मलाच म्हणतात, काय घाण आहे. एकदा एक पुढारी स्वच्छतेवर भाषण द्यायला आला. मी वाऱ्याची वाट पाहिली. तीन वाक्यांत भाषण आटपलं. एवढं आखूड भाषण गावानं आजवर ऐकलेलं नाही, पण आभार काही कोणी मानले नाहीत.

कडूबाची ढोरं गेली, तसं माझं शेणही गेलं. मग त्याला माझीच राखण मिळाली. गावच्या गाई-म्हशींनी पन्नी खाऊ नये आणि कोणी काडी लावू नये, हे बघायचं. त्याचं घर माझ्यापासून हाकेवर. रोज संध्याकाळी काठी टेकत तो वर यायचा आणि विचारायचा, "काऊन बे बुढ्या, आज काय जेवला?"

मी खालून ढेकर सोडायचो. फुस्स.

तो नाक धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. "अजीर्न झालं बे तुले."

वीस वर्षं हीच एक मस्करी. दोघांनाही ती कधी जुनी वाटली नाही.

त्या ढेकरेला नाव आहे, हे वैष्णवीनं सांगितलं. वैष्णवी म्हणजे बुलढाण्याहून वायू मोजायचं मीटर घेऊन आलेली इंजिनिअर पोरगी. कडूबाला बाजूला घेऊन म्हणाली, "आजोबा, शेण उघड्यावर कुजलं की खत होतं. पन्नीखाली दडपलं, हवा लागली नाही, की त्यात मिथेन वायू धरतो. हा पेटतो. दिवाळीनंतर आम्ही वर माती टाकू, पाइप घालू आणि पहिली शेगडी तुमच्याच घरी पेटवू. तोवर वर विस्तव नेऊ नका."

"बिडीबी नाही?"

"बिडीबी नाही."

त्यानं बिडी सोडली. इमानदार माणूस. पण पणती म्हणजे विस्तव, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. आशाबाईच्याही नाही. विस्तव चुलीत असतो, बिडीत असतो. पणती तर देवाची.

दिवाळी आली. दिवेलागणीला आशाबाईनं वात वळली, तेल घातलं आणि पणती लावून त्याच्या हातात दिली. "माहे गुडघे नाही म्हनून राह्यले. यंदा तुमीच ठेवून या. सासूबाईचा नेम हाय."

वाऱ्यापासून तळहाताचा आडोसा करत तो वर आला. पणती माझ्या डोक्यावर ठेवली, हात जोडले आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "काऊन बे बुढ्या, सनाचं काय जेवला?"

मी काय करणार? वीस वर्षांची सवय.

भाजलेल्या अंगानं त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. आठव्या दिवशी गाडी परत आली. कडूबा आला, पण बसून नाही आला.

पुढं वैष्णवीनं बोलल्याप्रमाणं सगळं केलं. माती टाकली, पाइप घातले, कुंपण झालं. माझ्या पोटातून निघालेली नळी आशाबाईच्या घरात जाते आणि शेगडीपाशी थांबते. शेगडी नवीकोरी आहे. आशाबाई तिची चावी फिरवत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या मोडते, चूल फुंकते, खोकते, पदरानं डोळे पुसते. माझा श्वास शेजारच्या उंच पाइपातून वर निघून जातो.

वैष्णवी येते, समजावते. "आजी, नुसता सोडला तर हा हवा बिघडवतो. पेटवला तर भाकर होते."

"माही चूल चांगली हाय."

तुम्हाला एकच मागतो, चौथीतल्या भाषेत. तुमचं शिळंपाकं पन्नीत गाठ मारून माझ्याकडे पाठवू नका. शेणाकाडीसारखं उघडं कुजू द्या, त्याचं खत होईल. मी मस्करीखोर जन्मलो होतो. जाळणारा मला तुमच्या गाठींनी केलं.

यंदाच्या दिवाळीला तिन्हीसांजेच्या वेळी आशाबाई कुंपणापाशी आली. हातात तीच पणती होती, पण तेल नाही, वात नाही. ती तिनं कोरडीच मातीवर ठेवली. हात जोडले नाहीत. तशीच घराकडे वळली.

मला सांगायचं होतं, आशाबाई, एकदा चावी फिरव. जाळ तोच आहे, पण त्याला एकदा भाकर भाजू दे. चार घास तरी माझ्या हातून घरात जाऊ दे. पण तोंड कुठाय मला? मला एकच आवाज येतो. पाइपाच्या सांध्यातून तेवढा सुटला.

फुस्स.

ती थबकली. मागं वळून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अजून मस्करीच करून राह्यला काय रे? हसनारा तर नेला तू."