कवडसा परत आला न्हाई

मित्रांनो, मी आरशाचा जुना तुकडा हाय. अंगठ्याच्या नखाएवढा. अन् मला लय राग आलाय.

महायुद्ध संपून वरीस झालं व्हतं. सांगलीत भाऊसोच्या कारखान्यात पाय गमावलेल्या शिपायांसाठी लाकडी पाय बनायचे. लाकडं सरसानं चिकटवायची. तिथला सयाजी सुतार मला मेणानं हरेक नव्या पायाच्या चिकटवलेल्या सांध्याजवळ बसवायचा. कौलातनं उन्हाची तिरीप माझ्यावर पडायची, अन् माझा कवडसा समोरच्या भिंतीवर. तिथं सयाजी कोळशानं रेघ मारायचा. मग पायावर वजन ठेवायचा. सांधा केसभर वाकला तरी कवडसा चार बोटं सरकायचा. वजन काढल्यावर रेघेवर परत आला, तर सरस पक्का. न्हाई आला, तर सांधा आतनं सुटाय लागला.

कडेगावच्या हंबीररावांच्या पायाला कवडसा परत आला न्हाई.

"आरं, ऊन सरकलं रं!" भाऊसो हसला. "सूर्य काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?"

खरं व्हतं ते. सयाजी वरमला. मग दारं लावली, डब्याला भोक पाडून आत कंदील ठेवला. कंदील काय सरकत न्हाई. तरी कवडसा रेघेपासनं दोन बोटं लांबच.

"मालक, आवं सांधा सुटतोय."

"भिंतीवरचा उजेड बघून पाय करतोस व्हय गड्या? देऊन टाक. सा म्हैनं कुबड्यांवर हाय त्यो माणूस."

सयाजीनं दिला. त्याचाबी राग हाय मला.

कडेगावात मोटारीतनं उतरताना पाय गुडघ्याखाली उकलला. हंबीरराव तोंडावर पडले. अन् लोक काय म्हणाले? "पलटणीतला हाय, प्याला आसंल." थेंबाला न शिवणारा माणूस त्यो!

चार दिसांनी ते कुबड्यांवर आले. पायाचे दोन तुकडे भाऊसोपुढं टाकले.

"तुमास्नी चालायचं जमलं न्हाई," भाऊसो म्हणाला.

तवा कुठं सयाजीला कंठ फुटला. "आरशानं दावलं व्हतं, हंबीरराव. मालकास्नी म्या सांगितलंबी."

हंबीररावांनी फळीवरचे नऊ तयार पाय बघितले. "भाऊसो, वजन म्हणून तुमीच हुबं ऱ्हावा. कवडसा मी बघतो."

भाऊसो घाम पुसत नऊ वेळा चढला अन् उतरला. चार पायांचा कवडसा परत आला न्हाई. ते चारी हंबीररावांनी कुऱ्हाडीनं फोडले.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका. कोपऱ्यात पडलो तरी चालंल. पर मी दावतो ते बघा. बघूनबी माणसाच्या पायाखाली खोटं लाकूड देत असाल, तर मला फोडा आधी.