भाव अजून ठरायचाय

“गुडघे टेकायलाच शिकवायचं असेल, तर माझं शेत काय वाईट आहे? रोज टेकतेच की पोर, तण काढताना!”

असं म्हणून धाकट्या भाऊजींनी कोबीचा गड्डा इतक्या रागानं कापला, की पाला उडून माझ्या तोंडावर आला. मी बांधावर बसले होते. शिवणकाम सोडून मी सहसा शेतात येत नाही, पण त्या दिवसांत वारं नुसतं पिसाळलं होतं. ओट्यावर मशीन मांडलं की कापड उडायचं, दोरा तुटायचा आणि माझं डोकं फिरायचं. त्यापेक्षा दीर-जावेचं भांडण जवळून ऐकलेलं बरं.

“शेतात गुडघे टेकून अक्षर येतं का?” धाकटी जाऊ उसळली. “मी जन्मभर टेकतेय. मला आलं?”

ओढ्यापलीकडे प्रार्थनाघराच्या बायकांनी गरिबांच्या पोरांसाठी शाळा काढली होती. फी नाही, दुपारी जेवण, पुस्तकं तिथलीच, आणि शिकवणाऱ्या रोज हजर. आमच्या गावच्या शाळेत एकच मास्तर, तोही आला तर आला. टिटवी तिथं इतके दिवस बसून स्वतःचं नाव तेवढं शिकली होती, तेही उलटं. टिटवी म्हणजे यांची लेक. दिवसभर प्रश्न विचारून कान किटवायची, म्हणून हे नाव मीच पाडलं. यंदा पलीकडच्या शाळेनं घेतलं नाही तर पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. मग आहेच आईच्या मागं खुरपं. धाकटीचा सगळा जीव त्यात अडकला होता.

अट एकच होती. शाळेच्या मोठ्या ताई घरी येऊन बघायच्या, की माणसं देवाला मानणारी आहेत ना. आणि भाऊजींचं तर देवाशी उभं वैर. थोरला मुलगा तापानं गेला, तेव्हापासून त्यांनी देवाचं नाव घेतलं ते फक्त शिवी देताना.

“ताई येतील तेव्हा तुम्ही घरात थांबू नका,” धाकटी म्हणाली.

“माझ्याच घरातून मला हाकलतेस?”

“हो. तोंडाला कुलूप लागत असतं तर ते लावलं असतं.”

ताई आल्या त्या नेमक्या नको त्या वेळी. धाकटी बाजारातून कोबीची पोती जशीच्या तशी परत घेऊन आली होती. व्यापाऱ्यानं ती गाडीवरून उतरवूसुद्धा दिली नव्हती. रागानं लाल होऊन ती दारात पाणी पीत होती, तोच करड्या कपड्यातल्या मोठ्या ताई समोर उभ्या. भाऊजी शेतात होते, म्हणून मी निर्धास्त होते आणि शेजारच्या माझ्या खोलीत मशीनवर बाही जोडत होते.

ताईंनी घर पाहिलं, टिटवीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाल्या, “गरिबी-श्रीमंती आम्ही बघत नाही. घरात भाव आहे ना? भाव महत्त्वाचा.”

“भाव?” धाकटीनं तांब्या आपटला. “भावाचं नाव काढू नका, ताई! औषधालाही उरला नाही.”

“अगदीच नाही?”

“होता थोडा. गेल्या महिन्यात तोही मेला.”

“मग... कसं करता?”

“करायचं काय? सवय म्हणून करतो. अगदीच नकोसं झालं की शेळ्यांपुढं टाकतो.”

ताईंनी आत डोकावून पाहिलं. “आणि घरचे मालक?”

“ते तर भाव म्हटलं तरी शिव्या देतात. सगळा चोरांचा बाजार आहे म्हणतात.”

मी मशीन थांबवून धावले तोवर ताईंचा चेहरा उतरला होता. “खरं बोललात, हे आवडलं,” एवढंच म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. वाऱ्यानं त्यांच्यामागं धुळीचा लोट उठवला.

“अगं खुळे, त्या काय कोबी घ्यायला आल्या होत्या? देवावरचा भाव विचारत होत्या!”

धाकटी पोत्यावर मटकन बसली. बारीक आवाजात म्हणाली, “जाऊबाई, म्हणजे मी देव शेळ्यांपुढं टाकला?”

मला हसू फुटत होतं, पण तिचं तोंड बघून ते पोटातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं बातमी आणली. शाळेत दूध तोच घालायचा. “तुमची टिटवी घेत नाहीत म्हणे. ताई म्हणाल्या, घर प्रामाणिक आहे, पण देवाशी संबंध नाही.”

मग धाकटीचं चित्त थाऱ्यावर राहीना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, शेळी एका खुंटाची सोडून दुसऱ्या खुंटाला बांधली, चुलीवर भांडं ठेवलं आणि त्यात पाणी घालायला विसरली. शेवटी मीच म्हटलं, चल, जाऊन सांगू. तिला पढवलं, “विचारलं की म्हणायचं, भाव भरपूर आहे, लहानपणापासून आहे. दुसरं अवाक्षर काढायचं नाही.” ती वाटभर पोपटासारखं तेच घोकत होती. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डोक्यावर कोबीची पाटी घेतली होती. टिटवी माझं बोट धरून होती. आणि भाऊजी आपलं वेगळंच काम असल्यासारखे मागून, लांबून येत होते.

शाळेच्या फाटकाशी स्वयंपाकीण उभी होती. पाटीकडे बघून म्हणाली, “काय भाव?”

धाकटी ताठ झाली. डोळे मिटून एका दमात म्हणाली, “भरपूर आहे! लहानपणापासून आहे! माझ्या आईलाही होता!”

“मग राहू दे, बाई,” स्वयंपाकीण म्हणाली. “कोबीच आहे ना ही, का सोनं?”

व्हरांड्यात मोठ्या ताई उभ्या होत्या. त्यांनी आधी धाकटीकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग कपाळाला हात लावला. “म्हणजे परवा... ते शेळ्यांपुढं...”

“कोबी हो, ताई! कोबीच!” धाकटी रडकुंडीला आली.

ताई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. स्वयंपाकीण हसली, मीही पोटात कोंडलेलं हसून घेतलं. म्हटलं, सुटलो एकदाचे. पण ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “म्हणजे माझा प्रश्न राहिलाच की. आता विचारते. देवावर भाव आहे?”

“आहे,” धाकटी म्हणाली.

“हिचा आहे. माझा नाही,” फाटकातून आवाज आला.

भाऊजी! त्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा असं मला वाटलं. धाकटीनं तर माझा दंडच धरला.

ताई उठल्या. “मग मुलीला इथं का घालताय?”

भाऊजींनी पायानं माती उकरली. “माझा पोरगा गेला. का नेला, ते मला त्या वरच्याला विचारायचंय. पण मला ना लिहिता येतं, ना धड बोलता. शिव्या देतो. त्या संपतात आणि मी आपला तिथल्या तिथंच. ही शिकली तर नीट विचारेल.”

“काय विचारायचं, बाबा?” टिटवी म्हणाली.

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. “सोमवारपासून पाठवा,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण प्रार्थना रोज म्हणावी लागेल. त्यात सवलत नाही.”

“तिला म्हणू दे. मी म्हणणार नाही.”

“तुम्हाला कुणी बाकावर बसवलंय?”

ओढ्यापर्यंत धाकटी नवऱ्याच्या पुढं तरातरा चालली. ओढा ओलांडला आणि तिनं रिकामी पाटी त्यांच्या पाठीत घातली. मग तिथंच बसून पोटभर रडली.

टिटवी शाळेला जायला लागली. एका संध्याकाळी मी तिच्या सदऱ्याला बटण लावत होते, भाऊजी विळ्याला धार लावत होते आणि ती प्रार्थना पाठ करत होती, “जे दिलंस, त्याबद्दल तुझे आभार...”

“आणि जे नेलंस, त्याचं काय?” भाऊजी पुटपुटले.

“मी विचारलं,” टिटवी म्हणाली.

त्यांचा हात थांबला. “कुणाला?”

“मोठ्या ताईंना. त्या म्हणाल्या, मलाही माहीत नाही. त्यांचा पण भाऊ लहानपणीच गेला. रोज प्रार्थनेत विचारते म्हणाल्या, अजून उत्तर आलं नाही.”

भाऊजी विळा तसाच टाकून बाहेर गेले. मला वाटलं, आता शिव्या सुरू होणार. मी कान देऊन बसले, पण बाहेर फक्त वारं होतं.

सकाळी त्यांनी शेतातले घट्ट गड्डे निवडून पाटी भरली आणि टिटवीला पोचवायला स्वतः निघाले. शाळेनं पोरांचे गणवेश मलाच शिवायला दिले होते, त्यांची मापं घ्यायची म्हणून मीही बरोबर होते. टिटवी पळत आत गेली. प्रार्थना सुरू झाली होती. भाऊजींनी पाटी फाटकाशी उतरवली आणि ऐकत उभे राहिले.

स्वयंपाकीण बाहेर आली. गड्डा हातात घेऊन तोलला. “आज माल चांगला दिसतोय. काय भाव?”

भाऊजींनी आतल्या आवाजाकडे पाहिलं.

“अजून ठरायचाय,” ते म्हणाले, आणि पाटी तिथंच ठेवून शेताकडे चालू लागले.