झरोक्यात कोंबलेली उशी

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. लांब बसलात तर अर्धी कथा वाऱ्यावर जाईल, आणि वारा हाच तर माझा धंदा! अर्ध्यावर थांबलेल्या एका अंगाईची गोष्ट सांगतो. मन लावून ऐका.

मी एक जुना झरोका आहे. रस्त्याकडच्या दारावर, छताखाली, लाकडी पट्ट्यांचा. मला बसवताना गवंडी म्हणाला होता, "ही घराची नाकपुडी आहे. बुजवू नका." उन्हाळ्यात छताशी तुंबलेली गरम हवा मी बाहेर काढी. पावसाळ्यात भिंतींना ओल येई, कपड्यांना कुबट वास सुटे, तेव्हा वाळत घालायची दोरी माझ्यासमोर बांधत. "काय छान वारा येतो!" असे सगळे म्हणत. थंडी पडली, की त्याच वाऱ्याला शिव्या!

त्या घरातली आत्या कपडे शिवायची. तिच्या शिवणीतून मुंगी शिरायची नाही. मशीन चालवताना ती एक अंगाई गाई. ते सूर माझ्यातून रस्त्यावर जात, आणि कोळसा विकणारे कोळसेमामा तेवढ्यासाठी दारात हातगाडी थांबवत.

एका हिवाळ्यात आत्याची भावजय बाळंत झाली.

"वन्सं, त्या झरोक्यातून गार वारा येतोय हो. तान्हीचे पाय बर्फ झालेत."

"थांब, त्याचं तोंडच शिवते!"

सकाळीच आत्याने माझे माप घेतले, चिंध्या ठासून फुलाफुलांची उशी शिवली आणि आतून माझ्यात कोंबली. सुई जाईल एवढीही फट उरली नाही.

"मापात चुकतील तर त्या आमच्या वन्सं कसल्या!" भावजय हसली.

इस्त्रीसाठी पेटवलेली कोळशाची शेगडी रोज दाराशी असे. त्या दिवशी आत्याने दार-खिडक्या लावून ती बाजेजवळ ओढली. "धूर नाही, मग भीती कसली?"

मित्रांनो, घात झाला तो इथेच. बंद खोलीत निखाऱ्यांतून विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. चोराचे निदान पाऊल तरी वाजते! मला सारे कळत होते, पण माझ्या तोंडात बोळा होता.

दुपारी आत्याला सुईत दोरा ओवता येईना. "डोळे गेले गं माझे. म्हातारी झाले."

"डोकं जड झालंय, वन्सं. जरा पडते," भावजय म्हणाली.

तान्हीची दुधाची वेळ झाली. ती रडली नाही.

"किती गुणाची..." आत्या पुटपुटली. गाता गाता तिची मान मशीनवर टेकली. अंगाई अर्ध्यावर थांबली.

देवा, ती शांतता! मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. मनात नुसता देवाचा धावा चालला होता.

तेवढ्यात बाहेर चाके करकरली. "ताई, आज गळा बसला का?" आत काही हालचाल नाही. "अहो ताई, कोळसा देतो, गाणं तरी द्या!" तरीही सामसूम. मामांनी वर पाहिले. पट्ट्यांमागे फुलाफुलांचे कापड. कोळशात जन्म गेलेले मामा; बंद घरात निखारा काय करतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी गाडीच्या टेकूची काठी घालून असे ढोसले, की माझी एक पट्टी मोडली आणि उशी आत पडली. मग खांद्याने दार फोडून त्यांनी तिघींना उघड्यावर आणले.

आत्या आणि भावजय हळूहळू शुद्धीवर आल्या. तान्ही मात्र हालेना. "रड गं बाई, रड!" म्हणत मामाच रडू लागले. मग कुठे तिने टाहो फोडला.

आत्याला लाज वाटेल, म्हणून त्या दिवसाचे नाव घरात पुन्हा कोणी काढले नाही. मायेनेच झाकले सारे. पुढे आत्या गेली, मामाही गेले. माझी पट्टी मोडकीच राहिली.

आज ती तान्ही स्वतः आई झाली आहे. पाळण्यात तिचे बाळ आहे, खोलीत गॅसचा हीटर आहे, खिडक्यांना घट्ट काचा आहेत. ती स्टुलावर उभी राहून माझ्यावर रुंद चिकटपट्टी लावते आहे. "हा मेला वारा नेमका इथूनच येतो!" म्हणत ती मोडक्या पट्टीची फट चाचपते. वाऱ्याला आता तेवढीच वाट उरली आहे. आणि ओठांवर तीच अंगाई!

मित्रांनो, तिला सावध करायला मला वाचा नाही. तुम्हाला आहे. घरात विस्तव असेल तर हवेला वाट ठेवा. मोठ्यांच्या हातून चूक झाली असेल, तर ती लहानांना सांगा. मायेपोटी झाकू नका. आणि ओळखीच्या दारातून रोजचा आवाज आला नाही, तर पुढे जाण्याआधी थांबा, हाक मारा आणि माझ्या कोळसेमामांची आठवण ठेवा.