पत्र्याच्या तळाची बॅग आणि लवकरची रांग

मित्रांनो, मी जुनी कॅनव्हासची बॅग आहे, आणि या क्षणी मला कुणीही उचलत नाही. विमानतळावरच्या तपासणी यंत्रातून मी बाहेर पडले तोच मला ढकलून बाजूच्या रुळांवर घातलं. ज्यांच्यावर संशय आहे अशा बॅगा इथे थांबतात. माझ्यापुढे एक लाल सुटकेस आहे. तिची पाळी संपेपर्यंत गोष्ट सांगते. मध्येच सरकावं लागलं तर गोष्ट तुटेल. सांभाळून घ्या.

माझा जन्म कराडचा. चांदसाहेब जीपचे हूड शिवायचे आणि उरलेल्या कापडाच्या बॅगा करायचे. पलूसचे जवाहरअण्णा त्यांच्याकडे आले. अण्णांचा बेदाण्याचा व्यापार. नमुन्याच्या पुड्या घेऊन गावोगाव हिंडायचं काम.

"चांदभाई, उघडली की बॅग उभी ऱ्हायला पायजे," अण्णा म्हणाले. "पुड्या कलंडल्या की हिरवा बेदाणा पिवळ्यात जातो, आन् समोरचा आधी भाव पाडतो."

चांदसाहेबांनी जीपचा पत्रा कापून माझ्या तळात घातला, वरून अस्तर शिवून टाकलं. "आता तुमी पडाल अण्णा, ही न्हाई पडायची."

खरंच नाही पडले. एसटीच्या टपावर, रेल्वेच्या फळीवर, इंदूरच्या पेढीवर, दिल्लीच्या बाजारात मी ताठ उभी राहिले. बॅग कुणी शिवली म्हणून व्यापारी विचारायचे आणि अण्णा खुलायचे. मध्ये त्यांच्या मुलाने, आर्जवने, चाकांची बॅग आणली आणि मी माळ्यावर गेले. चाकांची बॅग दिल्लीत दोनदा तोंडावर आपटली. मी परत खाली आले.

सरकवलं. नाही, थोडंसंच. लाल सुटकेस अजून तिथेच.

मग अण्णा विमानाने जाऊ लागले. यंत्राच्या पडद्यावर इतर बॅगांच्या पोटातलं सगळं दिसतं. माझ्या पोटात काळी पाटी दिसते. पहिल्याच वेळी एका शिपायाने अण्णांना सांगितलं होतं, "खाली पत्रा आहे. दर वेळी उघडावी लागणार."

"पत्रा काढला तर बॅग बसंल," अण्णा म्हणाले. विषय संपला. त्यांच्यापुरता.

आता खरं दुखणं सांगते. अण्णांच्या पत्नी, चंदनबालाकाकू, सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. पाणीसुद्धा घेत नाहीत. व्रत आहे. त्यांना साखरेचा आजार आहे आणि संध्याकाळची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. मागच्या वर्षी दिल्लीला मुलीकडे, ब्राह्मीकडे निघाल्या, तेव्हा तपासणीच्या रांगेतच सूर्य मावळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राह्मीच्या घरी त्यांना चक्कर आली.

तेव्हा आर्जवने लवकरची रांग घेतली. वर्षाचे पैसे भरायचे, वेगळ्या दाराने आत जायचं. "अण्णा, पैशाचं बघू नका. आईचं जेवण तर वेळेत हुईल."

उद्या ते वर्ष संपतं. पुन्हा घ्यायची की नाही, यावर आज पुन्हा ब्राह्मीकडे निघालो तेव्हा पलूसपासून गाडीत वाद चालला होता.

"वसूल झाली का ती रांग, सांगा," काकू म्हणाल्या.

"सवड मिळती की."

"कुठं मिळती? आदी आपण दुपारच्याला निघत हुतो. आता तुमी कराडात च्या पिता, साताऱ्यात च्या पिता, आन् मग घड्याळ बघता."

"आपली लवकरची रांग हाय. घाई कशाला?"

मित्रांनो, वाचलेला वेळ अण्णा घरापासूनच खर्च करत येतात, हे मला दिसतं. मला बोलता येत नाही.

खंडाळ्याजवळ काकू म्हणाल्या, "आवं, मी हितंच खाऊन घेते. डबा काढा."

"गाडीत हलत कशाला खाती? आत गेलं की निवांत बसून खा. त्यासाठीच तर पैसे भरल्यात."

डबा माझ्या पोटातच राहिला. दशम्या, मुगाची कोरडी उसळ, गरम पाण्याचा थर्मास. हे ओझं मला सगळ्यात आवडतं. आज ते मला टोचत होतं.

लवकरची रांग खरंच लवकर सरकली. अण्णा आणि काकू चटकन पलीकडे गेले. मी इकडे.

आता अण्णा काउंटरपाशी उभे आहेत. "ताई, आमी लवकरच्या रांगेतलं हाय."

"काका, ती रांग माणसांची. यंत्र सगळ्यांना एकच," गणवेशातली मुलगी म्हणते.

"निदान डबा तरी काढून द्या. बायको उपाशी हाय."

"तपासल्याशिवाय आतलं काही देता येत नाही."

लाल सुटकेस गेली. मला उचललं. उघडलं. बेदाण्याच्या पुड्या बाहेर, थर्मास बाहेर, डबा बाहेर. रिकामी करून मला पुन्हा यंत्रात घातलं. काळी पाटी पुन्हा दिसली. मुलीने अस्तर चाचपलं, वाकवून बघितलं, मान हलवली आणि सगळं परत भरलं. ती चुकली नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

अण्णा मला घेऊन जवळजवळ धावत निघाले. काकू काचेपाशी बसल्या होत्या. अण्णांनी डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

काकूंनी झाकण लावलं.

"अजून उजेड हाय की बाहेर," अण्णा म्हणाले.

"उजेड हाय. सूर्य न्हाई."

"गोळी तरी घे."

"कशासंगं घिऊ?"

तेवढ्यात आर्जवचा फोन आला. आई जेवली का, आणि उद्या योजना संपते, वाढवू का? यापेक्षा वरची एक आहे म्हणे, त्यात जेवायला वेगळी बसायची जागा मिळते.

अण्णांनी फोन काकूंकडे दिला.

"आर्जव, तुज्या अण्णांची हौस आसंल तर त्यांच्यापुरती वाढव," काकू म्हणाल्या. "माझी नको. मी हितनं पुढं घरातनं जेवून निघणार, आन् डबा माझ्या खांद्याला."

त्यांनी डबा आणि थर्मास आपल्या कापडी पिशवीत घातले. माझ्या पोटात फक्त बेदाणे उरले.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्या पत्र्याला त्यांनी फार जपलं, तेच नडलं. पुढे जाण्यासाठी पैसे द्यायचे की नाहीत, ते तुम्ही ठरवा. पण ज्याच्यासाठी देता, त्याला भूक लागली की तिथेच वाढा. पुढे निवांत वाढू, असं म्हणू नका.

विमानात चढायची वेळ झाली. इथेही पैसे भरलेल्यांना रांग वेगळी. ती अगदी मोकळी होती. काकू उठल्या, भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू जाऊन लांबलचक, साध्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

अण्णा मोकळ्या रांगेच्या तोंडाशी थांबले. आतून त्यांना या म्हणून खुणावत होते. त्यांनी मला या हातातून त्या हातात घेतलं, आणि मागे वळले.