वाऱ्याची बाजू

ताउनोनं हिवाळ्यात मला पत्र लिहिलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. आणि आता त्याच ताउनोबरोबर मी एका बेटावर अडकलो होतो. पश्चिमेचा वारा थांबायला तयार नव्हता, तळ्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या, आणि असल्या पाण्यात कॅनूसारखी हलकी होडी घालायची नाही हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. कॅनू उलटी करून झाडाला बांधली होती. वारा पडेपर्यंत बसून राहायचं, दुसरं काही नाही.

ताउनो माझ्या बायकोचा, आइलीचा भाऊ. त्यानं जन्मभर लोखंडाच्या खाणीतले पंप दुरुस्त केले, मी गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. आइली गेल्यावर आमच्यात उरलं ते एवढंच, की बर्फ वितळला की जंगलातल्या तळ्यांवर जाऊन वॉलआय मासे धरायचे. म्हणजे धरायचे त्यानं. मी पुस्तक घेऊन जात असे.

पत्र चार ओळींचं होतं. ‘स्टोव्हवर हात टेकला होता ते कळलंच नाही. वास आला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणतो, आता एकट्यानं राहायचं नाही. तू माझ्याकडे राहायला ये, नाहीतर कॅरन मला फिनिक्सला घेऊन जाईल.’ कॅरन त्याची मुलगी. फिनिक्स वाळवंटात आहे. ताउनोला तिथं नेणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण बेकरीच्या वरच्या माझ्या दोन खोल्यांत दिवस दिवस कोणी बोलत नाही, आणि ताउनो झोपेतही बोलतो. नाही लिहायचा धीर होईना, हो लिहायला मन होईना. पत्र टेबलावर राहिलं.

“विद्वाना, खायला काय उरलंय?” ताउनोनं तंबूतून डोकं बाहेर काढलं.

“ओटचं पीठ. कॉफी.”

“म्हणजे मासा पायजे. सकाळभर कुठं गळ टाकून बसला होतास?”

“मागच्या बाजूला, आडोशाला. तिथं पाणी शांत आहे.”

“तुला शांत आवडतं म्हणून माशालाही आवडणार होय? अरे, वॉलआयचे डोळे उजेडात दिपतात. वारा ज्या खडकावर लाटा आपटतोय ना, तिथं पाणी गढूळ झालंय, बारके मासे गडबडलेत. तो तिकडं जेवायला बसलाय, आणि तू त्याच्या रिकाम्या घराची कडी वाजवतोयस!”

संध्याकाळी आम्ही वाऱ्याच्या बाजूच्या खडकावर गेलो. टोपी धरूनच उभं राहावं लागत होतं. गळाला जळवा मी लावल्या, कारण ताउनोच्या बोटांना आता गळाचं टोक कळत नव्हतं.

वॉलआय हिसका देत नाही. ओलं पान अडकल्यासारखी दोरी जराशी जड होते, तेवढंच. ते बोटांना कळावं लागतं. ताउनो मला खाणीतल्या कुठल्याशा पंपाची गोष्ट सांगत होता, आणि त्याच्या काठीचं टोक हळूच वाकलं. थोडं थांबलं. सरळ झालं. काही वेळानं पुन्हा तसंच झालं. मला दिसत होतं. सांगावं, असं वाटलं. पण त्याला काय वाटेल, असंही वाटलं.

“इथंपण मासा नाही बघ,” तो म्हणाला.

मी लाटांकडे पाहत राहिलो.

“हाल्व्हर.” तो मला नावानं फार क्वचित हाक मारतो. “चावतायत ना?”

“हो.”

“किती गेले?”

“दोन. तीन असतील.”

“आणि तू तोंड शिवून उभा. बहिणीनं माझ्या काय पाहिलं तुझ्यात, देव जाणे.”

त्यानं दोरी उचलली आणि खालच्या ओठावरून घेतली. डोळे मिटले. वाऱ्यानं दाढी उडत होती, पण बाकी चेहरा दगडासारखा. दोरी ओठावर असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. बराच वेळ तसाच गेला. मग त्यानं एकदम काठी वर खेचली, आणि लाटांच्या फेसातून एक सोनेरी-हिरवा मासा वर आला, दुधी काचेसारख्या डोळ्यांचा.

“ओठ अजून माझाच आहे म्हणायचा,” ताउनो म्हणाला.

आम्ही मासा तव्यावर तळला आणि हातानंच खाल्ला. ताउनो बोटं चाटत सहज म्हणाला, “कॅरनला सांगून टाकलंय मी. हाल्व्हर येतोय राहायला.”

“मी कुठं हो म्हणालो?”

“नाही तरी कुठं म्हणालास? आइलीच्या वेळी बाबांनी विचारलं तेव्हाही तू असाच टोपी फिरवत बसला होतास. त्यांनी हो धरलं, लग्न झालं. वाईट झालं का काही?”

वाईट झालं नव्हतं. पण हातातला घास मी परत तव्यात ठेवला. चारी बाजूंना पाणी होतं, आणि अंधारातही लाटा ऐकू येत होत्या.

सकाळी वारा पडला. आजवर ताउनो मागे बसून कॅनू वळवायचा. यंदा त्याच्या हातांना ते जमत नव्हतं, म्हणून मी मागे आणि तो पुढे. कॅनूत मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. मी तोंडावर कोणाला काही सांगू शकलो आहे, असं मला आठवत नाही. त्या पाठीला मी म्हणालो,

“ताउनो, मला नाही यायचं.”

त्याचं वल्हं पाण्यात थांबलं. “घर नको, का मी नको?”

घर, असं म्हणता आलं असतं.

“तू फार बोलतोस,” मी म्हणालो. “मला सहन होत नाही.”

त्यानं वल्हं पुन्हा चालवायला सुरुवात केली. काही बोलला नाही. पाण्याखालचे खडक ओरडून सांगणं हे पुढच्याचं काम. पहिला खडक आला तेव्हा त्यानं वल्हं उचलून नुसतं डावीकडे दाखवलं. मी कॅनू वळवली. पुढच्या खडकालाही तसंच. मला वाटलं, रागावला. मग डोक्यावरून एक गरुड गेला, अगदी कमी उंचीवरून, पायांत मासा धरून. ताउनोची मान त्याच्याबरोबर फिरली, खांदे वर आले. आता बोलणार, असं वाटलं. खांदे हळूहळू खाली गेले.

अख्खं तळं आम्ही असं ओलांडलं. कॅनू वाळूला टेकली. मागं न वळता, घोगऱ्या आवाजात, परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखं त्यानं विचारलं,

“जमलं की नाही?”

मी वल्हं आत घेतलं.

“जमलं,” मी म्हणालो.

घरी आल्यावर मी कागद घेतला. बरेच फाडले. शेवटी राहिलं ते असं: ‘ताउनो, येतो. पुस्तकांसाठी एक भिंत लागेल आणि दार असलेली खोली. दार लावलेलं असेल तेव्हा वाजवू नकोस. उघडं असेल तेव्हा बोल.’ तो राहतो चार गल्ल्या सोडून. पण त्यानं कागदावर विचारलं होतं.

पोस्टातल्या बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं. “ताउनोला? अहो, चालत जाऊन द्या की! हे आता दुलुथच्या मोठ्या पोस्टात जाणार, तिथं शिक्का बसणार, आणि परत इथंच येणार.”

“किती दिवस लागतील?”

“सोमवार-मंगळवार उजाडेल. मध्ये रविवार आलाय.”

त्यांनी हात पुढे केला. पाकिटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं, एक माझ्या.

“बरं झालं,” मी म्हणालो, आणि पाकीट सोडलं.